सीरियस आणि सिव्हिअर: दोन्हींना 'गंभीर' का चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपासून तुम्ही वैद्यकीय भाषांतर करताय. औषधचाचणीच्या एका संमतीपत्रात 'सीरियस' आणि 'सिव्हिअर' या दोन्ही शब्दांना तुम्ही 'गंभीर' लिहिलंत. तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे लाल खुणा करून मजकूर परत पाठवला. शब्दकोशात दोन्हींपुढे 'गंभीर' आहेच, मग चूक कुठे झाली? आणि इंग्रजीतल्या अशा फसव्या जोड्यांची एखादी यादी मिळेल का?

गेली २२ वर्षं मी हेच काम करते आणि ही चूक मीही केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शब्दकोशाने तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. रोजच्या इंग्रजीत लोक हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पण औषधचाचणीच्या कागदांत त्यांना ठरवून दोन वेगळी कामं वाटून दिलेली आहेत, आणि ती वाटणी शब्दकोशात सापडत नाही. म्हणजे तुमची खरी अडचण इंग्रजीची नाहीच. मराठीत जिथे एका शब्दावर भागतं, तिथे मूळ मजकुरात दोन प्रश्न दडलेले आहेत आणि ते वेगळे काढायचे आहेत.

'सिव्हिअर' सांगतो त्रासाचा जोर किती. त्याची एक पट्टी असते: सौम्य, मध्यम, तीव्र. 'सीरियस' जोराबद्दल काहीच बोलत नाही. तो सांगतो त्या त्रासाचा परिणाम काय झाला. औषधांचे नियम सगळ्या देशांत सारखे असावेत म्हणून काम करणाऱ्या आयसीएच नावाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९९४ च्या ई-टू-ए मार्गदर्शिकेत याची व्याख्या आहे आणि आजही सगळे कागद तिच्यावरच चालतात. मृत्यू झाला, त्या क्षणी जिवाला धोका होता, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं किंवा मुक्काम वाढला, कायमचं किंवा मोठं अपंगत्व आलं, बाळात जन्मजात व्यंग निघालं, यांपैकी काहीही घडलं तर ती घटना 'सीरियस'. हे टाळण्यासाठी तातडीने उपचार करावे लागले, तर डॉक्टर आपल्या निर्णयाने तीही घटना त्यात धरू शकतात. त्याच मार्गदर्शिकेत डोकेदुखीचं उदाहरण दिलं आहे: डोकं सणकून दुखलं, माणूस दिवसभर अंधारात पडून राहिला, तर त्रास 'सिव्हिअर' झाला, पण 'सीरियस' झालाच असं नाही.

उलटही होतं. छातीत जरासं दुखलं, डॉक्टरांनी खबरदारी म्हणून एक रात्र दाखल करून घेतलं, सकाळी सगळे रिपोर्ट चांगले आले. दुखणं सौम्य होतं, तरी दाखल व्हावं लागलं म्हणून घटना 'सीरियस'. आपल्याकडे २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम आहेत. त्यांनुसार अशी घटना चाचणी करणाऱ्या डॉक्टरांनी २४ तासांच्या आत औषध नियंत्रक, प्रायोजक (म्हणजे चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटी (म्हणजे सहभागींच्या हिताकडे लक्ष ठेवणारी समिती) अशा तिघांना कळवायची असते. म्हणजे 'सीरियस' या शब्दाला एक घड्याळ बांधलेलं आहे. 'सिव्हिअर'ला ते नाही.

माझी चूक काय होती ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका संमतीपत्रात मी 'सिव्हिअर हेडेक'ला 'गंभीर डोकेदुखी' लिहिलं होतं. मजकूर पक्का करायच्या आधी आम्ही तो चाचणीशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना वाचून दाखवतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, शाळेच्या ओसरीवर बसून मी तो वाचत होते. पन्नाशीच्या एक बाई मन लावून ऐकत होत्या. त्या वाक्यापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं. "गंभीर म्हंजे? मेंदूला काय हुतंय का?" मी म्हटलं, नाही हो, नुसतं डोकं जोरात दुखेल. त्या म्हणाल्या, "मग तसं लिवा की. गंभीर म्हनलं की मानूस जातोय असं वाटतं."

त्यांचं बरोबर होतं. मराठीत 'पेशंट गंभीर आहे' हे वाक्य आयसीयूच्या दाराबाहेर ऐकू येतं. 'प्रकृती गंभीर' म्हटलं की नातेवाइकांना फोन जातात. हा शब्द आपण जिवावर बेतलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवलाय. 'सीरियस'च्या व्याख्येशी तो बराच जुळतो, 'सिव्हिअर'शी मुळीच जुळत नाही.

दुसरी चूक उलट बाजूची होती आणि ती मला जास्त टोचली. दुसऱ्या एका प्रश्नावलीत 'सीरियस'साठी मी 'तीव्र त्रास' लिहून गेले. पुढच्या भेटीत कोऑर्डिनेटरने एका सहभागी काकांना वाचून विचारलं, मागच्या महिन्यात कुठला तीव्र त्रास झाला का? काका नाही म्हणाले. मग त्यांच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड निघालं. दोन दिवस रुग्णालयात होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "दुखत फारसं नव्हतं, डॉक्टरांनी ठेवून घेतलं म्हणून राहिलो." त्यांनी प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं होतं. प्रश्नच चुकीचा होता, आणि तो माझा होता.

तेव्हापासून मी याद्या करणं सोडलं. जोडी समोर आली की एकच गोष्ट विचारते: हा शब्द कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय? किती? किती काळ? कुणाला कळलं? कशामुळे? कुणी ठरवलं? दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतील, तर शब्दकोश काहीही म्हणो, मराठीतही ती वेगळीच ठेवायची.

आता तुम्ही 'सिव्हिअर'ला 'तीव्र' कराल आणि लगेच पुढचा खड्डा येईल, कारण वैद्यकीय मराठीत 'तीव्र' हा शब्द 'अ‍ॅक्युट'साठीही वापरला जातो. 'अ‍ॅक्युट' जोर मोजत नाही. तो सांगतो त्रास कधी आणि कसा सुरू झाला: अचानक, थोड्या दिवसांत. त्याच्या समोरचा शब्द 'क्रॉनिक', म्हणजे रेंगाळलेला, जुनाट. हिपॅटायटिस बी सहा महिन्यांच्या पुढे शरीरात टिकला की त्याला क्रॉनिक म्हणतात, मग माणसाला काहीही जाणवत नसो. कित्येक जण 'क्रॉनिक'चा अर्थ 'फार वाईट' असा घेतात. रुग्णांचे नातेवाईकही घाबरून विचारतात, क्रॉनिक झालंय म्हणजे आता काही खरं नाही का? त्या शब्दात फक्त काळ आहे. त्याचं मूळ असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही काळ असाच आहे.

'सिव्हिअर' आणि 'अ‍ॅक्युट' दोन्हींना 'तीव्र' केलं की काय होतं ते बघा. २००३ मध्ये जगभर गाजलेल्या सार्स आजाराच्या नावात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत: सिव्हिअर अ‍ॅक्युट रेस्पिरेटरी सिंड्रोम. कोविडच्या विषाणूच्या नावातही तोच सार्स आहे. शब्दाला शब्द ठेवून त्याचं मराठी केलं तर 'तीव्र तीव्र' लिहावं लागेल.

याहून जवळचं उदाहरण आपल्या अंगणवाडीत आहे. मेळघाट, नंदुरबार, पालघरच्या बातम्यांत तुम्ही 'सॅम' आणि 'मॅम' बालकं हे शब्द वाचले असतील. सॅम म्हणजे सिव्हिअर अ‍ॅक्युट मॅलन्यूट्रिशन, मॅम म्हणजे मॉडरेट अ‍ॅक्युट मॅलन्यूट्रिशन. मॅमसाठी मराठीत 'मध्यम तीव्र कुपोषित' असं लिहिलं जातं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला प्रश्न पडतो: मध्यम की तीव्र? एकदा काय ते ठरवा. गोंधळ 'तीव्र' या शब्दाचा आहे. इथे तो 'अ‍ॅक्युट'चं काम करतोय आणि जोर दाखवायचं काम 'मध्यम' करतोय. पण हे ठाऊक नसेल तर वाक्य स्वतःलाच खोडतं.

अंगणवाडीत बसून मोजमाप बघितलं की फरक डोळ्यांना दिसतो. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाभोवती पट्टी गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टीचा लाल भाग समोर येतो, ते मूल सॅम. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा, मॅम. त्यापुढे हिरवा. ही झाली 'किती'ची मोजणी. 'अ‍ॅक्युट' दिसतं ते उंचीच्या मानाने वजन किती यात. आजारपणात किंवा पावसाळ्यातल्या उपासमारीत मूल झपाट्याने वाळतं, उंची तेवढीच राहते आणि अंगावरचं मांस उतरतं. 'क्रॉनिक' कुपोषण दुसऱ्या पट्टीवर दिसतं: वयाच्या मानाने उंची. वर्षानुवर्षं पुरेसं न मिळालेलं मूल खुजं राहतं. ते वाळलेलं दिसेलच असं नाही, गुटगुटीतही दिसेल, पण चार वर्षांचं असून अडीच वर्षांच्या मुलाएवढं भरेल. वाळलेल्या मुलावर आजच उपचार सुरू करावे लागतील. खुज्या मुलाच्या बाबतीत त्याच्या घरातलं पाणी, आईचं गरोदरपणातलं खाणं, पहिली दोन वर्षं, सगळंच पाहावं लागतं. दोन शब्दांमागे दोन वेगळी मुलं उभी आहेत. म्हणून मी 'अ‍ॅक्युट'ला शक्यतो 'तीव्र' लिहीत नाही. सहभागींसाठीच्या मजकुरात 'अचानक उद्भवलेला' किंवा 'नुकताच सुरू झालेला' लिहिते आणि 'क्रॉनिक'ला 'जुनाट' किंवा 'दीर्घकाळ चाललेला'. डॉक्टरांसाठीच्या मजकुरात रूढ संज्ञा बदलता येत नसेल, तर पहिल्या उल्लेखापाशी एक वाक्य जोडते.

इथे एक कबूल करायला हवं: कुठला शब्द योग्य हे बरंच वाचणाऱ्यावर ठरतं. संमतीपत्र सहभागी वाचणार, किंवा त्याला कुणीतरी वाचून दाखवणार. नियमांनुसार मजकूर त्याला समजेल अशाच भाषेत हवा. तोच शब्द डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेत असेल तर तिथे संज्ञा पाळलेली बरी. काही प्रायोजक स्वतःची शब्दसूची देतात. तिच्यात 'सीरियस' घटनेसाठी 'गंभीर प्रतिकूल घटना' ठरलेलं असेल तर तुम्ही दुसरं काही लिहू नका. पण त्या शब्दामागे काय येतं ते एका वाक्यात उलगडायला कुणी अडवत नाही. कर्करोगाच्या चाचण्यांत त्रासाला १ ते ५ श्रेणी देतात आणि तिथे 'सिव्हिअर' म्हणजे श्रेणी ३. श्रेणी ४ म्हणजे जिवाला धोका, ५ म्हणजे मृत्यू. त्या कागदात 'तीव्र'च्या जागी 'खूप जास्त' असं मोकळं लिहून चालत नाही, श्रेणीचा आकडा जवळ असावाच लागतो.

तुमच्या कागदात आणखी एक जोडी नक्की असणार, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: 'अ‍ॅडव्हर्स इव्हेंट' आणि 'अ‍ॅडव्हर्स रिअ‍ॅक्शन'. दोन्हींना 'दुष्परिणाम' लिहायचा मोह होतो. प्रश्न आहे 'कशामुळे?' इव्हेंट म्हणजे औषध सुरू केल्यानंतर घडलेली कोणतीही वाईट गोष्ट, कारण काहीही असो. रिअ‍ॅक्शन म्हणजे जिच्यामागे औषध असण्याची रास्त शक्यता आहे अशी गोष्ट. सहभागी मोटरसायकलवरून पडला, पाय मोडला, दवाखान्यात दाखल झाला, तर ती इव्हेंट आहे, आणि दाखल झाल्यामुळे सीरियससुद्धा. 'काही दुष्परिणाम झाला का?' असं विचारलं तर तो कशाला सांगेल? मोटरसायकल घसरली, यात औषधाचा काय संबंध? पण संबंध असूही शकतो. औषधाने गुंगी आली असेल, नजर अंधारली असेल. तो जोडायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्याआधी घटना त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी. म्हणून मी लिहिते: 'औषध सुरू केल्यापासून तुम्हाला झालेला कोणताही त्रास, आजार किंवा अपघात, मग तो औषधामुळे झाला असं तुम्हाला वाटो वा न वाटो.' वाक्य लांब होतं. होऊ द्या.

कधी कधी मराठी इंग्रजीपेक्षा पुढे असते आणि आपणच ती वापरत नाही. संभाव्य त्रासांच्या यादीत 'डिझिनेस', 'व्हर्टिगो' आणि 'फेंटिंग' असे तीन शब्द आले की निम्मे भाषांतरकार तिन्हींना 'चक्कर' लिहितात. बोलताना आपण खरंच तिन्हींना चक्कर म्हणतो. पण जरा ऐकत बसलं तर लोकांकडे नेमके शब्द असतात. 'डोकं हलकं झालं, पाय जागेवर ठरेनात' ही डिझिनेस. 'सगळं घर गरगर फिरतंय, डोळे मिटले तरी थांबत नाही' हा व्हर्टिगो, जो बहुतेकदा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून येतो. 'डोळ्यांपुढे अंधारी आली, भोवळ येऊन पडले, कुणी उचललं ते आठवत नाही' हे फेंटिंग. तिसऱ्या गोष्टीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब तपासावा लागतो, दुसरीत कान. तिन्हींना चक्कर लिहिलं की डॉक्टरांच्या हातून ही दिशा निसटते. मी आता 'हलकं वाटणे', 'गरगरणे' आणि 'भोवळ येऊन शुद्ध हरपणे' असं लिहिते आणि वाचून दाखवताना कुणीही अडखळत नाही.

'फटीग' आणि 'वीकनेस' यांचंही तसंच. 'वीकनेस' आपल्याकडे मराठी शब्दासारखाच बोलला जातो आणि त्याचा अर्थ बहुतेकदा थकवा असतो. 'खूप वीकनेस आलाय, सलाईन लावा' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. वैद्यकीय इंग्रजीत मात्र 'वीकनेस' म्हणजे स्नायूंतली ताकद कमी होणं. पायरी चढताना मांडी उचलली जात नाही, हातातून कप निसटतो. 'फटीग' म्हणजे ताकद आहे पण दम नाही, सकाळी उठल्यावरही दमल्यासारखं वाटणं. म्हणून 'वीकनेस'ला 'हातापायांतला जोर कमी होणे' आणि 'फटीग'ला 'थकवा'. 'अशक्तपणा' मी दोन्हीकडे टाळते, कारण तो दोन्हींकडे ओढला जातो.

बाकीच्या जोड्यांवर भराभर जाते. 'सिम्प्टम' रुग्णाला जाणवतो, 'साइन' डॉक्टरला तपासणीत सापडते. मळमळ हा सिम्प्टम, हाताला लागलेलं वाढलेलं यकृत ही साइन. मराठीत दोन्हींना लक्षण म्हणतात, म्हणून मी 'तुम्हाला जाणवणारा त्रास' आणि 'तपासणीत दिसणारी खूण' अशी फोड करते. 'रीइम्बर्समेंट' म्हणजे तुम्ही खर्च केलेले पैसे परत मिळणं, एसटीचं तिकीट वगैरे. 'कॉम्पेन्सेशन' म्हणजे इजा झाल्यास मिळणारी नुकसानभरपाई. दोन्हीकडे 'भरपाई' लिहिली तर प्रवासखर्चाच्या ओळीपाशीच माणूस दचकतो. 'कॉन्फिडेन्शिअल' आणि 'अनॉनिमस'मध्ये प्रश्न आहे, नाव कुणाला माहीत आहे? पहिल्यात संशोधकांना माहीत असतं पण ते बाहेर सांगत नाहीत, दुसऱ्यात कुणालाच माहीत नसतं. 'गोपनीय' आणि 'निनावी' ही जोडी तयार आहे, फक्त अदलाबदल होऊ देऊ नका, कारण निनावी लिहिणं म्हणजे जे पाळता येणार नाही असं वचन देणं आहे.

'एफिकसी' आणि 'इफेक्टिव्हनेस' कोविडच्या काळात रोजच्या पेपरात आले आणि दोन्ही 'परिणामकारकता' झाले. पहिला शब्द चाचणीच्या आखलेल्या परिस्थितीतला, दुसरा गावोगावच्या प्रत्यक्ष वापरातला, जिथे फ्रिज बंद पडतो आणि दुसरा डोस उशिरा मिळतो. २०२० मध्ये फायझरच्या लशीची ९५ टक्के एफिकसी जाहीर झाली, तेव्हा कितीतरी लोकांनी असं धरलं की १०० पैकी ९५ जणांना कोविड होणारच नाही. चाचणीत एकूण १७० रुग्ण मोजले गेले होते. त्यांतले १६२ जण खोटं इंजेक्शन घेतलेल्या गटातले आणि ८ जण लस घेतलेल्या गटातले. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे होते. १६२ च्या मानाने ८ हा आकडा ९५ टक्के कमी आहे, ते ९५ टक्के हेच. अशा ठिकाणी एक शब्द शोधत बसू नका, आकडे लिहा.

दोन ठिकाणी सापळा मराठीच्या बाजूने असतो, तेही नोंदवते. पहिला 'पर्यंत'. इंग्रजीत 'अंटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार येईतो चालू ठेवा आणि 'बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार संपायच्या आत कधीतरी एकदा करा. मराठीत दोन्ही 'शुक्रवारपर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत गोळ्या घ्या' आणि 'शुक्रवारपर्यंत गोळ्या परत आणा' या दोन वाक्यांत तो एकच शब्द दोन कामं करतोय. क्रियापदामुळे बहुतेकदा निभावतं, पण 'शुक्रवारपर्यंत तपासणी करून घ्या' लिहिलं तर रोज करायची की एकदाच? तिथे 'शुक्रवार संपायच्या आत एकदा' किंवा 'शुक्रवारपर्यंत रोज' असं स्पष्टच लिहावं.

दुसरा सापळा 'शंका'. 'डाउट' म्हणजे तसं नसावं असं वाटणं, 'सस्पेक्ट' म्हणजे तसं असावं असं वाटणं. एकमेकांच्या अगदी विरुद्ध. मराठीत 'क्षय असल्याची शंका आहे' म्हणजे डॉक्टर सस्पेक्ट करताहेत. 'क्षय आहे याबद्दल शंका आहे' म्हणजे डाउट. शब्द तोच, मधली जोडणी बदलली की निदान उलटं होतं. घाईत काम करताना मला इथे अजूनही थांबून वाक्य पुन्हा वाचावं लागतं. 'सस्पेक्ट'साठी 'संशय' आणि 'डाउट'साठी 'खात्री नाही' असं ठरवून टाका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती तुमच्या लाल खुणांशी जोडलेली आहे. तुमचा मजकूर बहुधा बॅक ट्रान्सलेशनमध्ये अडकला असणार. मूळ इंग्रजी न पाहिलेला दुसरा भाषांतरकार तुमचं मराठी पुन्हा इंग्रजीत नेतो आणि दोन इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून तपासतात. तुमचं 'गंभीर' दोन्हीकडे 'सीरियस' होऊन परत आलं असणार, आणि तिथेच फरक उघडा पडला. ही तपासणी चांगलीच आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. अनुभवी भाषांतरकार वाईट मराठीतूनही संदर्भाने बरोबर इंग्रजी शब्द ओळखतो. 'मध्यम तीव्र' त्याला बरोब्बर 'मॉडरेट अ‍ॅक्युट' असंच दिसेल, कारण त्याला मूळ संज्ञा पाठ आहे. अंगणवाडीत उभ्या असलेल्या आईला ती पाठ नाही. त्यामुळे बॅक ट्रान्सलेशन पार पडलं तरी एकदा ते पान अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने इंग्रजी मजकूर कधीच पाहिलेला नाही. 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'तुमच्या शब्दांत परत सांगा' म्हणा. सातारच्या त्या बाईंनी मला हे न शिकवता शिकवलं.

तुमच्या कागदापुरतं सांगायचं तर पहिल्यांदा संपूर्ण मजकुरात 'गंभीर' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी मूळ शब्द बघा. 'सिव्हिअर' असेल तिथे 'तीव्र' करा, आणि ते डोकेदुखी, पुरळ, जुलाब अशा त्रासांच्या यादीत असेल तर 'खूप जास्त'ही चालेल, फक्त संपूर्ण कागदात एकच काहीतरी ठेवा. 'सीरियस' असेल तिथे 'गंभीर' राहू द्या आणि पहिल्या उल्लेखाला हे वाक्य जोडा: 'गंभीर घटना म्हणजे ज्यामुळे मृत्यू झाला, जिवाला धोका निर्माण झाला, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं किंवा तिथला मुक्काम वाढला, मोठं किंवा कायमचं अपंगत्व आलं, किंवा बाळात जन्मजात व्यंग आढळलं, त्रास कमी होता की जास्त, याचा इथे संबंध नाही.' मग 'तीव्र' शोधा आणि त्यामागे कुठे 'अ‍ॅक्युट' लपलाय का ते बघा. शेवटी 'चक्कर' शोधा. तपासणाऱ्यांना उत्तर पाठवताना नुसतं 'दुरुस्त केलं' लिहू नका. कोणता शब्द कुठे आणि का बदलला याचा दोन रकान्यांचा तक्ता जोडा. पुढच्या वेळी तोच तक्ता तुमची शब्दसूची होईल, आणि तिच्यातली प्रत्येक नोंद कुठून आली हे तुम्हाला आठवत असेल.

मजकूर फार मोठा नसेल आणि गोपनीयतेच्या अटीत बसत असेल, तर अडलेली तीन-चार वाक्यं औषधाचं आणि चाचणीचं नाव काढून इथे टाका. मूळ इंग्रजी वाक्यही देवनागरीत शेजारी द्या, मी रविवारी दुपारी बघते.